सोडून दिलेल्या माशाचा हिशोब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मेरिलँड राज्यात उन्हाळा लागला की हौशी मासेमारांसाठी रोजचा अंदाज तीन रंगांत येतो. हिरवा म्हणजे खुशाल जा. पिवळा म्हणजे हवेचं तापमान ३२ अंशांच्या वर जाणार, तेव्हा जपून, आणि शक्यतो सकाळीच. लाल म्हणजे पारा ३५ च्या पुढे जाणार, आणि अशा दिवशी सकाळी दहानंतर स्ट्राइप्ड बास या माशाच्या मागे लागू नका, अशी विनंती.

नागपूरकर ३५ अंशांना गारवा म्हणतील. पण इथे माणसाच्या घामाची काळजी कोणी करत नाहीये. काळजी माशाची आहे. त्यातही गंमत अशी की जो मासा घरी नेऊन तळला जाणार, त्याला दहा वाजता पकडलं काय आणि बारा वाजता पकडलं काय, फरक शून्य. हा लाल रंग आहे तो सोडून दिल्या जाणाऱ्या माशासाठी. ज्याला आपण जीवदान देणार आहोत, त्याच्यासाठी.

आपण ज्याला जीवदान म्हणतो ते खरंच तसं असतं का, हा प्रश्न मला या तीन रंगांमुळे पडला. तो दिसतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा निघाला.

आधी जागा समजून घेऊ. चेसापीक ही सुमारे ३०० किलोमीटर लांबीची खाडी. नकाशावर अवाढव्य दिसते, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. म्हणजे ऊन लागलं की लवकर तापणारं पाणी. स्ट्राइप्ड बास हा इथला राजा. चंदेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा. स्थानिक लोक त्याला रॉकफिश म्हणतात आणि मेरिलँडचा तो राज्य-मासा आहे. अटलांटिक किनाऱ्यावरच्या या माशांपैकी बहुसंख्य चेसापीकला मिळणाऱ्या नद्यांत जन्मतात. वसंतात मोठ्या माद्या अंडी घालतात आणि उत्तरेला निघून जातात; उन्हाळ्यात खाडीत उरतात ती बहुतेक वयाने लहान मंडळी.

त्यांची उन्हाळ्यातली अवस्था चिमट्यात सापडल्यासारखी असते. वरचं पाणी तापलेलं. गार पाणी हवं म्हणून खाली जावं, तर तळाजवळ प्राणवायू संपलेला. शेतांतून आणि शहरांतून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, ते मरून तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मधल्या एका पट्ट्यात मासा जीव धरून असतो. त्यात कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि माशाच्या शरीराची गरज मात्र उष्णतेने वाढलेली असते. अशा वेळी तो गळाला लागला, पाच मिनिटं जिवाच्या आकांताने झुंजला, मग बाहेर काढून फोटोसाठी अर्धा-एक मिनिट हवेत धरला गेला, तर? पाण्यात परत सोडल्यावर तो शेपटी हलवत दिसेनासा होतो. व्हिडिओ तिथे संपतो. माशाचं पुढे काय होतं ते बऱ्याचदा कोणालाच दिसत नाही.

मोजणाऱ्यांनी मात्र मोजलंय. या माशाच्या व्यवस्थापनात वर्षानुवर्षं एक आकडा वापरला जातो: सोडलेल्या दर १०० माशांपैकी ९ मरतात असं धरायचं. हा सरसकट अंदाज आहे. गार पाण्यात, ओठाच्या कडेला गळ लागला असेल, तर प्रमाण याहून कमी. तापलेल्या पाण्यात, गळ घशात गेला असेल, तर बरंच जास्त.

नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, कारण आपण टक्केवारी ऐकतो आणि ती कशाची हे विचारायचं विसरतो. या किनाऱ्यावर हौशी लोक पकडलेल्यांपैकी बहुतेक मासे सोडूनच देतात, आणि सोडलेल्यांची संख्या कोटींत जाते. त्यामुळे २०१७ सालच्या हिशोबात असं दिसलं, की माणसामुळे मेलेल्या एकूण स्ट्राइप्ड बासपैकी जवळजवळ निम्मे सोडून दिल्यावर मेलेले होते. हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांपेक्षाही हा आकडा मोठा होता. धंदेवाईक मच्छीमारांचा वाटा तर त्यांच्यासमोर अगदीच लहान.

म्हणजे ज्यांनी मारायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांच्या हातून सर्वांत जास्त मेले.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. पहिला जाळीत भाजून खायला एक मासा हवा म्हणून जातो. २०२४ साली खाडीत नियम ठरला तो माणशी दिवसाला एकच मासा, तोही १९ ते २४ इंचांमधला. त्याला तासाभरात असा मासा मिळतो. तो डोक्यात काठी घालून मासा मारतो, बर्फात टाकतो, घरी जातो. दुसरा शाकाहारी आहे असं समजू. मासे खाणं त्याला पटत नाही, पण गळाला लागलेल्या माशाची ओढ हाताला जाणवते तेव्हा त्याला दुसरं काही आठवत नाही. तो दिवसभरात ३० मासे पकडतो आणि तीसच्या तीस हळुवारपणे सोडतो. सरासरीने हिशोब केला तर त्याच्या खात्यावर पावणेतीन मासे. उन्हाचा दिवस असेल तर आणखी.

पहिल्याच्या हाताला रक्त लागलंय. दुसऱ्याचे हात स्वच्छ आहेत आणि संध्याकाळी तो अधिक समाधानी मनाने झोपतो.

फरक कुठून येतो ते बघा. खाणाऱ्याला मर्यादा आहे. एक मासा पोटाला पुरतो, एक कायद्याला पुरतो, आणि माणूस उठतो. सोडणाऱ्याला उठण्याचं कारणच नाही. हौसेला पोट नसतं, त्यामुळे ती भरत नाही.

कोकणात खाडीकाठी गरवायला बसलेल्या कोणालाही हे सांगून बघा, की अमुक देशात लोक पैसे भरून मासा पकडतात, त्याचा फोटो काढतात आणि परत टाकतात. 'खायचा नाय तर काढला कशाला?' असं विचारणारं कोणीतरी निघेलच. मला हा प्रश्न अडाणी वाटत नाही. उलट, जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा थोड्याफार फरकाने हेच विचारतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला मारायचं किंवा यातना द्यायच्या तर त्याला रास्त कारण हवं. अन्न हे रास्त कारण. मौज हे नव्हे. म्हणून निव्वळ सोडण्यासाठी मासे पकडणारे तिथे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. स्वित्झर्लंडमध्ये तर परत सोडण्याच्या हेतूने मासा पकडणं हीच नियमाने बंदी असलेली गोष्ट आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उफराटं वाटलं होतं. मासा पकडलाय, तो जिवंत आहे, सोडला तर १०० पैकी ९१ वेळा जगणार आहे. आणि कायदा म्हणतो मार? माशाला विचारलं असतं तर त्याने काय निवडलं असतं हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

पण इथेच प्रश्नाची जागा सरकते. मासा हातात आल्यावर सोडणं बरं की मारणं बरं, हा एक प्रश्न. गळ टाकावा की टाकू नये, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'सोड' असंच आहे. पण ते दयाळू उत्तर देण्याची संधी आपल्याला मिळाली, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपण आधीच, न विचारता, देऊन टाकलेलं असतं. कोणाला तरी विहिरीत ढकलून मग दोर टाकला तर दोर टाकणं चांगलंच काम आहे. फक्त गोष्ट तिथून सुरू करता येत नाही.

हौशी मासेमाराचा नेहमीचा युक्तिवाद हेतूचा असतो. मला मारायचं नव्हतं. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या कोणाच्याही मनात घारीचा पंख कापायचा विचार नसतो. तरीही नायलॉनच्या मांजावर बंदी आली, आणि ती योग्य आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना पटतं. कारण एकदा काय होतं हे कळलं, की 'मनात नव्हतं' याचं वजन घटत जातं. एखाद-दुसरा अपघात वेगळा. दर १०० मागे ९, हे आधीच ठाऊक असलेलं प्रमाण म्हणजे त्या खेळाचा भाग झालं.

जैन विचारात या बाबतीत एक धारदार शब्द आहे: प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना जीव गेला एवढ्यावर थांबलेले नाहीत. बेसावधपणाने, गाफीलपणाने वागताना गेलेला जीव, असा त्याचा रोख आहे. मला हे दोन्ही बाजूंनी उपयोगी वाटतं. पूर्ण काळजी घेऊनही काही घडलं तर माणसाला थोडी सूट मिळते. पण काळजी घेणं शक्य असताना घेतली नाही, तर 'माझा हेतू चांगला होता' म्हणून सुटका होत नाही. लाल रंगाचा दिवस आहे, फोनवर अंदाज आलाय, आणि दुपारी दोन वाजता कोणी बोट काढून 'मी काय, सोडूनच देणार आहे' म्हणत असेल, तर त्याला प्रमाद हाच शब्द लागू पडतो. मेरिलँडच्या मत्स्य खात्याला हे सूत्र माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांचे तीन रंग तेच काम करतात: अज्ञानाची सबब काढून घेतात.

माशाला दुखतं का, हा वाद इथे येणारच. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे ओठ टाकीतल्या खड्यांवर घासू लागले, बराच वेळ खायला येईनात. दुसऱ्या बाजूला जेम्स रोझ यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की वेदना जाणवायला मेंदूचा जो भाग लागतो तो माशाकडे नाहीच. जे दिसतं ती प्रतिक्षिप्त क्रिया. वाद अजून मिटलेला नाही. माझा कल स्नेडन यांच्याकडे आहे, पण या निबंधापुरतं ते मिटवायची गरजही नाही. दुखत नाही असं धरलं तरी मेलेला मासा मेलेलाच राहतो. आणि दुखतं असं धरलं, तर उरलेल्या ९१ माशांचंही काही देणं लागतं, ज्यांना आपण 'काहीच झालं नाही' या रकान्यात टाकलं होतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की लेखकाला हा खेळच बंद करायचा आहे. तसं म्हणणं सोपं झालं असतं, जर या माशाचा इतिहास आड आला नसता.

१९७० च्या दशकाच्या अखेरीला स्ट्राइप्ड बास झपाट्याने घटले. अतोनात मासेमारी हे मुख्य कारण. १९८५ साली मेरिलँडने या माशाची मासेमारी पूर्ण बंद केली. ही बंदी १९९० पर्यंत चालली, आणि १९९५ मध्ये हा मासा सावरला असं जाहीर झालं. जगभरात मत्स्यसंवर्धनाचं उदाहरण म्हणून हे सांगतात. यात गळ टाकणाऱ्यांचा वाटा मोठा होता. मासा कमी झालाय हे त्यांना हाताला जाणवत होतं, आणि त्यांनी आरडाओरडा केला. शिवाय अमेरिकेत १९५० च्या एका कायद्याने गळ, काठ्या, रीळ यांच्यावर कर बसवला आहे, आणि तो पैसा माशांच्याच संवर्धनासाठी राज्यांना जातो. नदी स्वच्छ राहावी म्हणून भांडायला जे लोक सभेला येतात, त्यांच्यात गळवाले बरेच असतात. किनाऱ्यावरून खाडीचं सौंदर्य बघणारे आपण त्यांच्यापेक्षा नैतिकदृष्ट्या निष्कलंक असू, पण सभेला येत नाही.

म्हणजे गळातून आलेलं प्रेम हे प्रेमच नव्हे असं म्हणता येत नाही. महाडजवळ वाळण कोंडीतल्या माशांना लोक देवाचे मासे मानतात, त्यांना खायला घालतात आणि पकडत नाहीत. प्राण्याशी नातं ठेवायची ही दुसरी तऱ्हा, आणि मला ती जास्त आवडते. पण ३०० किलोमीटरच्या खाडीला देवाचा डोह करता येत नाही. तिथे नियमच लागतात.

नियमांनी बरंच काही साधतंही. २०२१ पासून काही वर्षं मेरिलँडने जुलैच्या उत्तरार्धात, १६ ते ३१ तारखेपर्यंत, या माशाच्या मागे जाणंच बंद ठेवलं. सोडण्यासाठीसुद्धा नाही. ऐन उन्हाळ्याचे पंधरा-सोळा दिवस. आमिष लावून हा मासा पकडायचा तर गोल गळच वापरायचा, असा नियम अटलांटिक किनाऱ्यावर आला. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. मांज्याचीच उपमा द्यायची तर नायलॉनऐवजी सुती. मासा ओल्या हाताने धरा, हवेत काढू नका, पाण्यातच गळ सोडवा, हे तर प्रत्येक फलकावर असतं.

यातला बंदीचा नियम मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कदाचित मी ज्या किनाऱ्याचा आहे तिथे तो ओळखीचा आहे म्हणून. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असायचा. २०२५ साली ही मुदत १५ ऑगस्टपर्यंत वाढवली. कायदा १९८१ चा, पण कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवायची रीत त्याच्याही आधीची. ही बंदी कोणाच्या सदसद्विवेकबुद्धीला त्रास देत नाही. तुम्ही मासा हळुवार धरला की नाही, मनात काय होतं, असलं काही विचारत नाही. समुद्रावर जायचंच नाही, एवढंच म्हणते. निर्णय गळ टाकायच्या आधी घेतलेला असतो.

मापाचा नियम वेगळा. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण ट्रॉलरच्या जाळ्यातून मासा बाहेर येतो तेव्हा तो बहुतेकदा मेलेला असतो. मोजपट्टी लावायला उशीर झालेला असतो. म्हणून खरा फरक पडतो तो जाळ्याचा आस मोठा केल्याने, म्हणजे पिल्लू मुळात सापडूच नये याने. माप हे त्यानंतरचं.

मोठ्या माशांचं माप आपल्याकडे कोणी लावत नाही, खरं तर ते जिताड्याला लावायला हवं. पेण-अलिबागकडचा जिताडा आणि ऑस्ट्रेलियातला बॅरामुंडी यांना शास्त्रज्ञ एकाच नावाखाली ठेवत आले आहेत. हा मासा साधारणपणे नर म्हणून वाढतो आणि मोठा झाला की मादी होतो. क्वीन्सलँडमध्ये म्हणून ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा, दोन्ही सोडावे लागतात, आणि तिथल्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, बंदी असते. आपल्याकडे खाडीत अजस्र जिताडा मिळाला की वर्तमानपत्रात फोटो येतो. फोटोतल्या माणसाला दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

मापाच्या नियमात एक जागा मात्र मला अजून सुटलेली नाही. मेरिलँड आणि व्हर्जिनियात मराठी घरं बरीच आहेत, आणि त्यातली काही उन्हाळी सुट्टीत परवाना काढून खाडीवर जातात. समजा त्यातल्या कोणाच्या गळाला २५ इंचांचा रॉकफिश लागला. मर्यादा २४ ची. गळ घशात गेलाय, कल्ल्यांतून रक्त येतंय, पाणी कोमट आहे. हा मासा जगणार नाही हे बघणाऱ्याला कळतंय. घरी कोकमाचं आगळ आहे, तिरफळं आहेत, खाणारी चार माणसं आहेत. मारला तर निदान वाया जाणार नाही. पण कायदा सांगतो, परत टाक.

कायद्याची बाजू समजते. मेलेला ठेवायची सवलत दिली तर प्रत्येक मोठा मासा 'मरत होता' असंच सगळे सांगतील. एका माशाच्या बाबतीत शहाणपणाचं ठरेल ते हजार माणसांच्या हातात नियम म्हणून दिलं की बिघडतं. म्हणून चांगला माणूस तो मासा पाण्यात टाकतो, हे त्या माशाच्या दृष्टीने निरर्थक आहे हे ठाऊक असून. मी असतो तर मीही टाकला असता. आणि त्या दिवशी पुन्हा गळ टाकला नसता, असं वाटतं.

तो मासा एका कुशीवर होऊन वरच तरंगतो, मग हळूहळू खाली जातो. चेसापीकच्या तळाशी निळे खेकडे भरपूर आहेत.